टप बंद होईना! कन्व्हर्टिबलचं विजेवरचं छत अडलं तर काय तपासायचं

कन्व्हर्टिबलचा टप उघडायला नकार देऊन बसला तर फारसं बिघडत नाही, त्या दिवशी वारा खायला मिळत नाही एवढंच. बंद व्हायला नकार दिला की मात्र गाडी अख्खी उघड्यावर पडते. आभाळ भरून आलेलं, बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलेलं, आणि टप एकतर जागचा हलत नाही किंवा अर्ध्यावर येऊन मोडक्या छत्रीसारखा हवेत उभा राहतो. अशा वेळी मनात पहिली शंका येते ती मोटर जळाल्याची. ती शंका सगळ्यात शेवटी ठेवा.

१९३९ च्या प्लिमथ कन्व्हर्टिबलचा टप इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. खटका ओढला की टप हलला, मधे कुणी विचारणारं नव्हतं. आजच्या टपात मधे एक कंट्रोल मॉड्यूल बसलेलं असतं. तुमचं बटण थेट मोटरला वीज देत नाही. ते मॉड्यूलकडे फक्त अर्ज करतं. मॉड्यूल दहा ठिकाणी चौकशी करतं आणि एका ठिकाणाहून जरी ‘नाही’ आलं तरी मुकाट बसून राहतं. म्हणून टप अडला की शोधायचं ते हेच: हा ‘नाही’ कुठून येतोय?

आधी हातपाय सांभाळा

टपाची चौकट म्हणजे एकात एक मिटणाऱ्या सळया आणि बिजागऱ्या. त्यात बोट सापडलं तर ती कात्रीसारखी चालते. चाचणी करताना बटणावर एक माणूस आणि टपाजवळ दुसरा असेल तर आधी ठरवून घ्या: टपाजवळचा ‘दाब’ म्हणेल तेव्हाच बटण दाबायचं. मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा.

हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलावर चालणारा, टप अर्ध्यावर उभा असेल तर तो तेलाच्या दाबावर तोललेला असतो. काही गाड्यांत हा दाब थोड्या वेळाने आपोआप सुटतो आणि टप किंवा मागचं झाकण खाली यायला लागतं. त्याखाली डोकं घालून टॉर्चने पाहायचं असेल तर आधी लाकडी ठोकळ्याचा किंवा दांडक्याचा टेकू द्या आणि किल्ली काढून खिशात टाका.

आणि अर्धवट उघड्या टपाने गाडी चालवू नका, अगदी जवळच्या गॅरेजपर्यंतसुद्धा. वारा आत शिरला की कापड शिडासारखं फुगतं आणि चौकट वाकते. वाकलेली चौकट सरळ करणं हे मोटर बदलण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

पाच मिनिटांची चौकशी

डिकीपासून सुरुवात करा. टप जिथे घडी होऊन बसतो ती जागा आणि सामानाची जागा वेगळी करणारा एक पडदा किंवा सरकती फळी बहुतेक गाड्यांत असते. ती पूर्ण ओढून आपल्या खाचेत अडकलेली नसेल तर मॉड्यूलला वाटतं टपाच्या वाटेत सामान आहे. टप खाली असताना कुणी डिकीतून पिशवी काढायला ती फळी वर केली आणि तशीच सोडली, हा प्रकार नेहमीचा. मी स्वतः एकदा सगळे फ्यूज उपसून पाहिले आणि तासाभराने कळलं की फळीची डावी बाजू खाचेच्या बोटभर बाहेर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती अडकल्याचा ‘खट्’ आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू यायला हवा.

मग डिकीचं दार. ते बंद दिसतं, पण दिव्यांना ते उघडं वाटत असेल तर टपालाही तसंच वाटणार. डॅशबोर्डवर डिकी उघडी असल्याची खूण आहे का बघा. एकदा उघडून नीट आपटून लावा.

गाडी उभी आहे ना, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’मध्ये आहे ना, हॅण्डब्रेक ओढलाय ना? चालत्या गाडीत टप किती वेगापर्यंत हलतो हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. मिनीत साधारण ताशी ३० किलोमीटरपर्यंत, ऑडीच्या ए फाइव्हमध्ये ५० पर्यंत, आणि कित्येक गाड्यांत गाडी थांबल्याशिवाय नाहीच. गोठवणाऱ्या थंडीतही अनेक मॉड्यूल नकार देतात, कारण कडक झालेलं कापड आणि मागची प्लॅस्टिकची काच दुमडताना तडकू शकते. गाडी आडोशाला नेऊन हीटर लावला की हा अडसर बराचदा निघतो.

उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून गाडी उभी असेल तर सपाट जागेवर आणा. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नसतो, त्यामुळे बॉडी किंचित पिळली तरी टपाचे लॅच (टप पुढे अडकवणाऱ्या कड्या) आपल्या भोकांसमोर येत नाहीत.

लागोपाठ तीन-चार वेळा कुणाला कौतुकाने टप उघडून दाखवला असेल तर पंपाची मोटर तापून मॉड्यूलने ती बंद ठेवलेली असू शकते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं काहीही न करणं हाच उपाय.

काचांची भानगड

टप हलण्याआधी बाजूच्या काचा थोड्या खाली सरकतात आणि टप बसला की वर येतात. काचा खाली सरकल्याच नाहीत तर टप पुढे जाणार नाही. बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली की काचांना आपली वरची-खालची हद्द आठवत नाही. लक्षण सोपं आहे: एका झटक्यात आपोआप वर-खाली होणारी काच आता बटण धरून ठेवल्याशिवाय हलत नाही.

बहुतेक गाड्यांत हद्द पुन्हा शिकवायची रीत अशी: इंजिन चालू ठेवा, काच पूर्ण खाली न्या आणि बटण काही सेकंद धरून ठेवा, मग पूर्ण वर न्या आणि तसंच धरून ठेवा. प्रत्येक काचेला हे वेगळं करायचं. नेमके सेकंद गाडीच्या पुस्तिकेत असतात. बॅटरी बदलल्यानंतर दुसऱ्याच दिवशी टप रुसला असेल तर आधी हेच करून बघा.

बॅटरीवर लगेच विश्वास ठेवू नका

‘इंजिन तर सुरू होतंय, मग बॅटरी कशी खराब?’ हा प्रश्न ठरलेला आहे. स्टार्टर ओढतो ते क्षणभर. पंप ओढतो ते वीस-पंचवीस सेकंद सलग. थकलेली बॅटरी क्षणभर ताठ उभी राहते आणि मग मान टाकते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की मॉड्यूल टप अर्ध्यावरच थांबवतं.

मल्टिमीटर लावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. खरी परीक्षा मात्र बटण दाबलेलं असताना होते. मीटर बॅटरीवर ठेवून दुसऱ्याला टप चालवायला सांगा आणि आकडा कसा पडतो ते पाहा. इंजिन चालू असूनही तो धाडकन खाली येत असेल तर दोष बॅटरीत, अल्टरनेटरमध्ये (इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणाऱ्या यंत्रात) किंवा बॅटरीच्या गंजलेल्या टोकांत आहे. टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच चालवावा, पुस्तिकेत काहीही सवलत दिलेली असो.

पाऊस येतोय? आधी हाताने बंद करा

एवढं करूनही टप हलला नाही आणि थांबायला वेळ नसेल, तर हाताने बंद करायची सोय जवळपास प्रत्येक गाडीत दिलेली असते. हायड्रॉलिक गाडीत पंप बहुधा डिकीच्या अस्तरामागे किंवा मागच्या सीटमागे असतो. त्यावर एक स्क्रू किंवा लहान खटका असतो, तो बायपास व्हॉल्व. तो उघडला की सिलिंडरमधलं तेल टाकीत परत जाऊ शकतं आणि टप हाताला मोकळा लागतो. स्क्रू पूर्ण काढायचा नसतो. थोडासाच सैल करायचा, नाहीतर तेल डिकीत सांडतं. दाब उतरायला मिनिटभर द्या.

मग दोघांनी दोन्ही बाजूंना उभं राहून टप सारख्या वेगाने उचलायचा. एकट्याने एका बाजूने ओढला की चौकट पिळते. पुढे आल्यावर लॅच बसवायला टूलकिटमध्ये एक ॲलन की दिलेली असते. आरशाजवळच्या झाकणाखाली तिचं भोक सापडतं. टप अडकल्याची खात्री करा आणि बायपास पुन्हा बंद करायला विसरू नका. तो उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी पंप नुसता घुमतो, टप हलत नाही, आणि माणूस भलताच दोष शोधत बसतो.

मोटर आणि केबलवर चालणाऱ्या टपात बायपास नसतो. तिथे मोटरचा दांडा फिरवून किंवा जोडणी सोडवून टप मोकळा करावा लागतो. ही कृती पुस्तिका समोर ठेवूनच करा.

आता निवांत: बटण दाबा आणि ऐका

गाडी झाकली गेली की घाई संपली. रेडिओ, पंखा बंद करा, डिकीजवळ कान लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. गाडीतले दोष वाचणाऱ्या महागड्या स्कॅनरच्या आधी कान बरंच सांगून जातात.

अगदी शांतता असेल, ‘टक्’सुद्धा नाही, तर अर्जच पोचलेला नाही किंवा मॉड्यूलने तो फेटाळलाय. फ्यूज, बटण, मायक्रोस्विच (टप कुठे पोचला ते कळवणारे बारीक खटके), वायर हा तुमचा रस्ता.

‘टक्’ आवाज येतो पण मोटर फिरत नाही, म्हणजे मॉड्यूलने होकार दिलाय, रिले (मोटरची वीज जोडणारा विजेवरचा खटका) ओढला गेलाय, पण वीज मोटरपर्यंत जात नाही. रिलेचे जळके संपर्क, मोठा फ्यूज, अर्थिंग (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी) किंवा खुद्द मोटर.

मोटर घुमतेय पण टप थंड, तर तेल कमी, बायपास उघडा किंवा पंप आतून झिजलेला.

टप हलतो आणि रोज त्याच जागी थांबतो, तर त्या जागेचा सेन्सर बोलत नाही किंवा तिथे काहीतरी अडतंय. रोज वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर व्होल्टेज किंवा सुटत-जोडत असलेली वायर.

उघडतो पण बंद होत नाही: रिलेचा खेळ

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. टपाचा पंप दोन्ही दिशांना फिरतो. एका दिशेने फिरला की टप उघडतो, उलटा फिरला की बंद होतो. दिशा बदलण्यासाठी बऱ्याच गाड्यांत दोन रिले असतात. दोन्ही रिले विश्रांतीत असताना मोटरची दोन्ही टोकं अर्थला जोडलेली असतात. एक रिले ओढला की एका टोकाला वीज मिळते, दुसरं टोक दुसऱ्या रिलेमधून अर्थला राहतं आणि मोटर फिरते.

म्हणजे टप बंद करायला ‘बंद’चा रिले ओढला जाणं जितकं गरजेचं, तितकंच ‘उघड’च्या रिलेने निवांत बसून अर्थ देणंही. त्याचा अर्थचा संपर्क जळलेला असेल तर टप मजेत उघडेल, पण बंद होणार नाही; आणि ‘बंद’चा रिले ‘टक्’ वाजतोय म्हणून तुम्ही मोटरवर संशय घ्याल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तपासणी फुकटात होते. दोन्ही रिले एकाच नंबरचे आणि उपसता येणारे असतील तर त्यांची अदलाबदल करा. आता टप बंद होतो पण उघडत नाही असं झालं तर दोष रिलेतच. काहीच फरक पडला नाही तर रिले सुटले, बटणाकडे वळा. बटणाच्याही दोन दिशांना दोन वेगळे संपर्क असतात. उघड्या गाडीत ते थेट उन्हा-धुळीत असतं, कधी कॉफीही पितं. मीटर कंटिन्युटीवर, म्हणजे वाट अखंड असली की बीप देणाऱ्या खुणेवर, लावून दोन्ही दिशा तपासा.

नव्या गाड्यांत रिले मॉड्यूलमध्येच सोल्डर केलेले असतात. तिथे अदलाबदल नाही. मोटरच्या टोकांवर मीटर लावून बटण दोन्ही दिशांना दाबा. एका दिशेला १२ व्होल्ट येतात आणि दुसऱ्या दिशेला येत नाहीत, तर मोटर निर्दोष आहे.

अर्थिंग तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं पंपाच्या अर्थवर लावा. रिले मॉड्यूलमध्ये असतील तर मॉड्यूलच्या अर्थवर. मोटर फिरत असताना मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला की ती जोडणी सोडवा, घासून चकचकीत करा आणि पुन्हा आवळा.

मायक्रोस्विच आणि मोडलेल्या वायरी

टपाचा प्रत्येक टप्पा कुठलातरी मायक्रोस्विच किंवा हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा) मॉड्यूलला कळवत असतो: लॅच उघडला, झाकण वर आलं, टप पुढे पोचला, लॅच बसला. यातला एक गप्प झाला की पुढचा टप्पा सुरूच होत नाही.

स्कॅनर वापरायचा तो इथे. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) इंजिनाचेच कोड दाखवतो. टपाच्या मॉड्यूलपर्यंत पोचणारा हवा. कोडपेक्षा त्यातला चालू डेटा जास्त उपयोगी पडतो. स्विच हाताने दाबा आणि पडद्यावर स्थिती बदलते का ते बघा. सगळे बदलले आणि एक नाही, तर चोर सापडला.

मायक्रोस्विच बदलण्याआधी त्याची वायर मात्र तपासा. डिकीचं झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळीतून जाणारा वायरींचा जुडगा हजारो वेळा वाकलेला असतो. बाहेरून प्लॅस्टिक धड दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. मीटर कंटिन्युटीवर ठेवून जुडगा हलवा. बीप येत-जात राहिली तर वायर मोडकी. जोडताना थोडी जास्त लांबीची, लवचिक वायर घाला आणि सांधा वाकणाऱ्या भागाच्या बाहेर काढा, नाहीतर वर्षभरात तीच वायर पुन्हा मोडेल.

तेल, गळती आणि पाणी

टाकी बहुधा अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर खुणा असतात. पातळी कधी पाहायची, टप वर असताना की खाली, हे पुस्तिकेत बघा. सिलिंडरचे दांडे बाहेर असतील तेव्हा आणि आत असतील तेव्हा टाकीतलं तेल वेगवेगळं दिसतं. चुकीच्या स्थितीत पाहून तेल भरलं तर ते नंतर ओतू जातं.

कुठलं तेल हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या टपात ब्रेक फ्लुइड चालायचं, नंतर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आलं, आणि बऱ्याच युरोपीय गाड्यांना खास हायड्रॉलिक तेल लागतं. खनिज तेलासाठी बनवलेल्या सिस्टीममध्ये ब्रेक फ्लुइड गेलं की सील फुगून मऊ पडतात. उलटं केलं तरी तीच गत. पातळ तेल घालून ‘तात्पुरतं’ चालवणाऱ्याचं ऐकू नका.

तेल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलंय. सिलिंडरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पांढरा कागदी रुमाल दाबून बघा. १९८९ ते २००१ मधल्या मर्सिडीज एसएल गाड्यांत समोरच्या काचेवरच्या लॅचचे सिलिंडर म्हातारे झाले की आरशाजवळ तेलाचे ठिपके पडतात. अस्तरावर डाग दिसला की बुरशी समजून पुसत बसू नये. सिलिंडर पूर्ण नवीन घेण्याआधी सील बदलून देणारा कारागीर मिळतो का ते पाहा.

दुरुस्तीनंतर आत शिरलेली हवा काढावी लागते. तेल भरा, टप हळूहळू चार-पाच वेळा उघड-बंद करा, मधे मोटरला थंड होऊ द्या, आणि प्रत्येक वेळी पातळी पाहा. तेल फेसाळ दिसत असेल तर तासभर थांबा.

पाणी हा वेगळा शत्रू आहे. टपावरचं पाणी वाहून जायला बॉडीत बारीक नळ्या असतात आणि त्या पालापाचोळ्याने तुंबतात. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड फोरमध्ये, म्हणजे २००२ ते २००८ च्या गाड्यांत, पंपाची मोटर नेमकी या निचऱ्याच्या वाटेत बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते आणि गंजून बसते. गाडी कुठलीही असो, या नळ्या वर्षातून दोनदा साफ करा. आत जाडी तार खुपसू नका, नळी निसटते. लवचिक नायलॉनची दोरी पुरते.

चौकट आणि कापड

केबलवर चालणाऱ्या टपात दोन बाजू एकमेकींपासून सुटू शकतात. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये मागे एकच मोटर असते आणि दोन लवचिक केबल दोन बाजूंचे गिअर फिरवतात. एक केबल सटकली की एक बाजू चालते, दुसरी जागेवर राहते. कुठल्याही गाडीत टप तिरका येताना दिसला की बटण त्याच क्षणी सोडा. ‘एकदा जोर लावून बघू’ या मोहापायीच चौकटी वाकतात.

टप पुढे येऊन काचेच्या चौकटीपासून चार बोटांवर थांबत असेल तर कापड आखडलेलं असू शकतं, विशेषतः नवीन बसवलेलं किंवा महिनोन्‌महिने घडी करून ठेवलेलं. गाडी तासभर उन्हात ठेवा. मग एकाने बटण धरायचं आणि दुसऱ्याने बाहेरून टपाचा पुढचा काठ तळहाताने, मधोमध, हलकेच खाली दाबायचा. लॅच बसला तर टप एक-दोन दिवस बंदच राहू द्या, कापड ताणून जागेवर येतं.

बिजागऱ्यांना अगदी थोडं वंगण, आणि रबरांना फक्त सिलिकॉनचं. पेट्रोलियमवालं ग्रीस रबराला लागलं की रबर फुगतं आणि टप पुन्हा चार बोटांवर थांबायला लागतो.

गॅरेजमध्ये कधी

चौकट वाकली, मॉड्यूलमध्ये पाणी गेलं, किंवा नवीन मॉड्यूल गाडीशी जोडायचं आहे, ही तीन कामं घरची नाहीत. जाताना लिहून न्या: टप कुठे थांबतो, कुठला आवाज येतो, बॅटरीचा आकडा काय, कुठले रिले बदलून पाहिले. ‘टप चालत नाही’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक पहिल्यापासून सुरू करेल, आणि बिलही पहिल्यापासूनच सुरू होईल.

टप दुरुस्त झाला की इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, तो बंद व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. अठरा सेकंदांचे चोवीस झाले की टप अजून चालत असतानाच टाकीतली पातळी आणि बॅटरी बघून घ्या.